‘तो, ती, ते’ आणि ‘अवनु, अवळु, अदु’

भाषेची श्रीमंती मोजावयाची म्हटले की आपण शब्दकोश उघडतो आणि मोठमोठे शब्द पाहतो. परंतु दिवसभराच्या बोलण्यात जे शब्द शेकडो वेळा तोंडून जातात, त्यांच्याकडे आपले लक्षही नसते. ‘तो आला का?’, ‘ती कुठे गेली?’, ‘ते तिथे ठेव’ असे आपण सहज बोलून जातो. या वाक्यांतील तो, ती, ते हे शब्द कोठून आले, किती जुने आहेत, आणि शेजारच्या भाषेत त्यांच्या जागी काय आहे, याचा विचार क्वचितच होतो. व्याकरणाच्या पुस्तकातही त्यांना फार तर एक पान मिळते. त्या पानापलीकडचे काही या लेखात सांगावे असा आमचा मानस आहे.

शालेय व्याकरणात मराठीची मूळ सर्वनामे नऊ सांगितली आहेत : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण आणि स्वतः. यांपैकी लिंगाप्रमाणे बदलणारी तीनच आहेत : तो, हा आणि जो. तिन्ही तृतीयपुरुषी. ‘मी’ म्हणणारा पुरुष की स्त्री हे ‘मी’वरून कळत नाही, ‘तू’वरूनही नाही. समोर नसलेल्या माणसाविषयी बोलताना मात्र मराठी भाषा आधी विचारते : तो, की ती, की ते? आणि लगेच दुसरा प्रश्न विचारते : एकेरी, की आदरार्थी? म्हणजे अनुपस्थित माणसाची ओळख ठरविण्याचे काम या चिमुकल्या शब्दांकडे आहे.

आमचे गुंजी हे खानापूर तालुक्यातील, बेळगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील गाव. माउली देवीचे ठाणे म्हणून आसपासच्या मुलखात ते ओळखले जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि गोव्याकडील सोयरिकींमुळे कानांवर कोकणी, अशी भाषांची येथे नित्य ये-जा असते. एकाच दिवसात तीन तऱ्हेचे ‘तो’ आणि ‘ती’ मुलांना वापरावे लागतात. महाराष्ट्राबाहेर इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर, तंजावर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांची स्थितीही याहून फार निराळी नाही. म्हणून हा विषय केवळ आमच्या सीमाभागापुरता आहे असे आम्हांस वाटत नाही.

प्रथमपुरुष कोण?

सीमाभागातील मुलाची पहिली अडचण सर्वनामाच्या नावापासूनच सुरू होते. मराठीच्या तासाला तो शिकतो की ‘मी’ हा प्रथमपुरुष, ‘तू’ हा द्वितीयपुरुष आणि ‘तो’ हा तृतीयपुरुष. कन्नडच्या तासाला त्याला सांगतात की ‘अवनु’, म्हणजे तो, हा प्रथमपुरुष. ‘नीनु’, म्हणजे तू, हा मध्यमपुरुष. आणि ‘नानु’, म्हणजे मी, हा उत्तमपुरुष. शब्द तेच, अर्थ मात्र उलट. मग परीक्षेत ‘प्रथमपुरुषी सर्वनाम लिहा’ असा प्रश्न आला की पोर पेन्सिल चावीत बसते.

दोन्ही शिक्षक आपापल्या परीने बरोबरच असतात. कन्नड व्याकरणाने संस्कृत परंपरा जशीच्या तशी राखली आहे. संस्कृतात धातूची रूपे म्हणताना ‘पठति’ हे रूप आधी येते, ‘पठामि’ शेवटी. तिथे ‘तो’ प्रथम आणि ‘मी’ अखेरचा. मराठीची व्याकरणे एकोणिसाव्या शतकात लिहिली जाऊ लागली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळात इंग्रजी व्याकरणाची धाटणी आपल्याकडे आली, आणि ‘मी’ पहिल्या जागी बसला. मुलांना हा उगम एकदा समजावून दिला की गोंधळ मिटतो. शिवाय मोजणी कोठून सुरू करावी हे माणसांनीच ठरविलेले असते, एवढे शहाणपण त्यातून पदरात पडते ते निराळेच.

बोटाने दाखविलेला शब्द

‘तो’ हा शब्द आला कोठून? संस्कृतात त्याचे मूळ ‘तद्’ हे सर्वनाम आहे. पुल्लिंगी सः, स्त्रीलिंगी सा, नपुंसकलिंगी तत्. यात एक विलक्षण गोष्ट आहे. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग यांच्या प्रथमेच्या एकवचनातच ‘स’ दिसतो. बाकी सर्वत्र ‘त’ आहे : तम्, तेन, तस्य, ते, ताः, तानि. ही विषमता संस्कृतापेक्षाही जुनी आहे. प्राचीन ग्रीक भाषेत हेच सर्वनाम ‘हो, हे, तो’ असे आढळते. ग्रीकमध्ये मूळच्या आद्य ‘स’चा ‘ह’ झाला, आणि नपुंसकलिंगी रूपात ‘त’ तसाच राहिला. इंग्रजीतील ‘दॅट’ हा शब्दही याच कुळातला. म्हणजे आपले पोर अंगणात उभे राहून ‘तो बघ’ म्हणते तेव्हा त्याच्या तोंडी हजारो वर्षांचा शब्द असतो.

प्राकृतात ‘सो’ आणि ‘सा’ टिकून होते. हिंदीच्या जुन्या बोलींत ‘सो’ राहिला, बंगालीत ‘से’ राहिला. मराठीने मात्र ‘स’ सोडून दिला. बाकी सगळीकडे ‘त’ आहे तर एवढ्या दोन ठिकाणी तरी वेगळे कशाला, असे जणू बोलणाऱ्यांनीच ठरविले आणि तो, ती, ते अशी सरळ ओळ तयार झाली. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर १९२० मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. अशा ग्रंथांतून या शब्दांच्या एकेका रूपाचा प्रवास पाहावयास मिळतो. ‘त्याने’ हे आजचे रूप घ्या. संस्कृतात तेन, प्राकृतात तेण, ज्ञानेश्वरकालीन मराठीत तेणें, आणि आज त्याने. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘त्येनं’ येते, त्याला आपण अशुद्ध म्हणतो. पण ‘तेणें’ आणि ‘त्येनं’ शेजारी ठेवून पाहिले म्हणजे तो शिक्का मारताना हात थोडा थबकतो. ‘हा’ हे सर्वनाम ‘एषः’पासून निघाले, प्राकृतात एसो, अपभ्रंशात एहो, आणि शेवटी नुसता हा.

मूळ अर्थाने पाहिले तर ‘तो’ म्हणजे दूरचा आणि ‘हा’ म्हणजे जवळचा. दोन्ही बोटाने दाखवावयाचे शब्द. म्हणूनच आपल्या व्याकरणात ‘तो’ पुरुषवाचक सर्वनामांत येतो आणि दर्शक सर्वनामांतही येतो. जगातील कितीतरी भाषांत असेच घडले आहे. लॅटिनमधील ‘तो पलीकडचा’ या अर्थाच्या ‘इल्ले’ या शब्दापासून फ्रेंचचे ‘इल’ आणि ‘एल’, म्हणजे तो आणि ती, तयार झाले. ‘मी’ आणि ‘तू’ समोरासमोर असतात. जो तिथे नाही त्याच्याकडे आधी बोट करावे लागते, आणि हळूहळू ते बोटच त्याचे नाव होऊन बसते.

कन्नडची अकार-इकाराची जोडी

कन्नडमध्ये ही बोट दाखविण्याची गोष्ट अधिकच स्वच्छ दिसते. ‘अ’ म्हणजे दूर, ‘इ’ म्हणजे जवळ. दूरचा तो अवनु, जवळचा हा इवनु; दूरची ती अवळु, जवळची ही इवळु; ते अदु, हे इदु; अनेक माणसे दूर असली तर अवरु, जवळ असली तर इवरु; जनावरे किंवा वस्तू अनेक असल्या तर अवु आणि इवु. एवढी एक किल्ली हाती आली की सारे कुलूप उघडते. तमिळमध्येही अवन्, इवन् अशीच जोडी आहे, आणि जुन्या तमिळमध्ये ना दूर ना जवळ अशासाठी ‘उ’ ही तिसरी पायरीही होती. रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ मध्ये द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही व्यवस्था अभ्यासकांच्या परिचयाची आहे.

मराठी आणि कन्नड यांतील खरा भेद मात्र लिंगाचा आहे. मराठीत भिंत ती, खांब तो आणि घर ते. कन्नडमध्ये तो आणि ती हे मान माणसांचे आणि देवांचे. बाकी सारे ‘अदु’. गायही अदु आणि नदीही अदु. मराठी घरातले मूल कन्नड वर्गात गायीला ‘अवळु’ म्हणते आणि वर्ग हसतो. कन्नड घरातले मूल मराठीत ‘गाडी आलं’ म्हणते आणि आपण हसतो. दोघेही आपल्या आईच्या भाषेचा नियम इमानाने पाळीत असतात.

दुसरा भेद क्रियापदाचा. कन्नडमध्ये अवनु बंदनु, अवळु बंदळु, अदु बंतु, अवरु बंदरु. कर्ता कोण हे क्रियापदाच्या शेपटीतच सांगितलेले असते. मराठीत ‘त्याने भाकरी खाल्ली’ आणि ‘तिने भाकरी खाल्ली’. ‘खाल्ली’ हे क्रियापद भाकरीच्या मागे गेले. खाणारा कोण, हा सारा भार एकट्या सर्वनामावर राहिला. हा भेद श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या प्रसिद्ध लेखांतही दिसतो. ‘चावुंडरायाने करविले’ ही एकच वार्ता तिथे कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत कोरली आहे. कन्नडचे ‘माडिसिदं’ आणि तमिळचे ‘सेय्वित्तान्’ या क्रियापदांच्या अंती ‘तो’ लपलेला आहे. मराठीचे ‘करवियलें’ हे क्रियापद मात्र करविणाऱ्याविषयी मौन पाळते आणि करविलेल्या वस्तूकडे पाहते. कन्नड घरातील मूल ‘तो भाकरी खाल्ला’ म्हणते ते यामुळेच. हैदराबादच्या दखनीतही ‘वो रोटी खाया’ असेच म्हणतात, हे तिकडील वाचकांच्या ध्यानात येईल.

कन्नडमध्ये ‘नानु बंदे’ असे पुरुषही म्हणतो आणि स्त्रीही म्हणते. प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नाही. आमच्या भागात आणि कोल्हापूरकडे बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे म्हणतात, यामागे हा कन्नड शेजार असावा असे अनेकांचे मत आहे. पुण्याकडून आलेल्या पाहुण्यास त्याचे नवल वाटते. येथे त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. स्वतःविषयी बोलताना हा भेद पुसला गेला, तरी दुसऱ्या स्त्रीविषयी बोलताना ‘ती आली’ हेच राहिले, ही त्यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

पाहुणे शब्द आणि घरचे शब्द

मराठी आणि कन्नड यांची देवघेव हजार वर्षांहून जुनी आहे. अण्णा, अक्का, अप्पा हे घरातले जिव्हाळ्याचे शब्द आपण कन्नडकडून घेतले. थोरल्या भावाला हाक मारण्यासाठी शेजाऱ्याचा शब्द आपण आनंदाने स्वीकारला. परंतु तोच अण्णा बाहेर गेला की त्याच्याविषयी बोलताना मात्र ‘ते’ किंवा ‘तो’, कधीही ‘अवरु’ किंवा ‘अवनु’ नाही. कन्नडनेही आपल्याकडून पुष्कळ घेतले, पण ‘तो’ घेतला नाही.

सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केला आणि तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होत्या. तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतील वाक्याच्या प्रत्येक तुकड्याच्या जागी दुसऱ्या भाषेचा तुकडा ठेवला की भाषांतर पुरे व्हावे. तेथील उर्दूत ‘नदी आया’ असे म्हणू लागले होते, कारण कन्नडप्रमाणे निर्जीवाला स्त्रीलिंग नको झाले होते. एवढी सरमिसळ होऊनही शब्द मात्र ज्याचे त्याचे वेगळे राहिले, आणि सर्वनामेही ज्याची त्याची. माणूस घरी कोणती भाषा बोलतो याची खूण त्या शब्दांवर होती आणि ती कोणी पुसू दिली नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. पूर्व समुद्रातील फिलिपाईन्स बेटांवर शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. त्यांपैकी तागालोग भाषेत गुरूला ‘गुरो’, चेहऱ्याला ‘मुखा’ आणि आशेला ‘आसा’ म्हणतात. हे आपल्याच संस्कृताचे शब्द समुद्रापलीकडे गेलेले. पुढे १५६५ ते १८९८ अशी तीनशे तेहेतीस वर्षे तेथे स्पेनचे राज्य होते आणि वारांच्या नावांपासून मेजापर्यंत शेकडो स्पॅनिश शब्द त्या भाषेत शिरले. पण ‘तो’ आणि ‘ती’ यांसाठी तागालोगमध्ये आजही एकच देशी शब्द आहे, ‘सिया’. त्यात लिंगभेद नाही. स्पॅनिश भाषेत ‘एल’ आणि ‘एया’ असा तो-तीचा भेद होता. तीन शतकांत तोही या शब्दाला शिवला नाही. तागालोगमध्ये माणसाच्या नावापूर्वी ‘सि’ हा छोटासा शब्द लावतात, जसे ‘सि मारिया’, ‘सि हुआन’. हा ‘सि’ आणि त्या भाषाकुळातील ‘इया’ हे पुरातन सर्वनाम मिळून ‘सिया’ झाला आहे. मलाय भाषेतील ‘इया’ आणि ‘दिया’ हे त्याचेच भाऊबंद. अनेकवचनी ‘ते’साठी ‘सिला’ हा शब्द आहे, आणि आदर दाखवावयाचा असेल तर एकट्या माणसासाठीही तो अनेकवचनी शब्द वापरण्याची रीत तेथे आहे. अगदी आपल्या आदरार्थी अनेकवचनासारखी.

अपवाद आहेत, आणि तेही बोलके आहेत. फिलिपाईन्समधील झांबोआंगा शहरात चाबाकानो नावाची भाषा चालते. तिचा बहुतेक शब्दसंग्रह स्पॅनिश. ‘तो’ किंवा ‘ती’साठी शब्दही स्पॅनिशातून आलेला, ‘एले’. पण ‘ते’ म्हणावयाचे झाले की पुन्हा देशी ‘सिला’! इंग्रजीतील ‘दे’, म्हणजे ते, हा शब्ददेखील मुळात इंग्रजी नाही. इंग्लंडात स्थायिक झालेल्या उत्तरेकडील लोकांच्या भाषेतून तो आला. सर्वनामे बदलतात, पण फार क्वचित, आणि बदलली की समजावे की दोन समाज अगदी घरात घुसून एकमेकांत मिसळले आहेत. जी भाषा घरात मरावयास लागते, तिचीही खूण प्रथम येथेच उमटते.

‘तें’ची माया

महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांत ही खूण कोठे दिसते? आमच्या मते नपुंसकलिंगी ‘ते’मध्ये. हिंदी प्रदेशातील मराठी मुलांच्या तोंडी ‘माझी पुस्तक’, ‘ती पुस्तक’ असे ऐकू येते, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे आणि तिसरे लिंग तिथे नाहीच. गुजरातीत तिसरे लिंग आहे, पण तिथले ‘ते’ आणि ‘ए’ तिन्ही लिंगांना सारखेच. बंगालीत लिंगभेद मुळीच नाही. चहूबाजूंनी असा रेटा असताना मराठीचे ‘ते’ टिकविणे सोपे नाही.

आपण स्वतःही या ‘ते’ची थोडी अडचण करून ठेवली आहे. १९६२ पूर्वीची पुस्तके ज्यांच्या घरी असतील त्यांनी काढून पाहावीत. त्यांत नपुंसकलिंगी एकवचन ‘तें’ असे अनुस्वार देऊन छापलेले आढळेल आणि पुल्लिंगी अनेकवचन ‘ते’ असे बिनअनुस्वाराचे. तसेच ‘ती’ म्हणजे एक स्त्री आणि ‘तीं’ म्हणजे अनेक मुले. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, लेखन सोपे झाले, मुलांचे ओझे हलके झाले, हे खरेच. पण त्याबरोबर ‘ते मूल’ आणि ‘ते लोक’ यांतील दृश्य भेदही गेला. ‘ते आले’ आणि ‘ते आलं’ यांतील फरक आता बोलण्यातूनच कळावयाचा. कोकणीने तो नाकातला सूर अजून जपला आहे. गोव्याकडील माणूस ‘तें’ म्हणतो तेव्हा तो स्पष्ट ऐकू येतो.

या ‘ते’ला केवळ निर्जीव वस्तूंचे सर्वनाम समजणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मराठीत लेकरू ते, बाळ ते, पोरगं ते, पाखरू ते, वासरू ते, कोकरू ते. जे लहान, जे अजून पुरते घडले नाही, ज्याला सांभाळावयाचे, ते सगळे ‘ते’. ‘झोपलं का ते?’ असे आजी विचारते, त्यात कोणते लिंग आहे? कन्नडमध्येही ‘मगु’, म्हणजे मूल, हे ‘अदु’च. एरव्ही लिंगाच्या बाबतीत दोन टोकांना असणाऱ्या या भाषा बाळाच्या पाळण्यापाशी एक होतात. कोकणीत तर वयात आलेल्या मुलीलाही ‘चेडूं’ म्हणून ‘तें’ने संबोधण्याची रीत आहे, संसाराला लागलेली, पोक्त झालेली स्त्री ‘ती’. घाटाखालून आलेल्या सुनेविषयी तिचे माहेर अजून ‘तें’ म्हणते आणि सासर ‘ती’ म्हणते, असेही कानांवर येते. एका अनुस्वारात माहेर साठवलेले असते.

नपुंसकलिंगाचा आणखी एक सुंदर उपयोग आपण विसरत चाललो आहोत. पुरुष आणि स्त्री दोघे मिळून असली की मराठी त्यांना ‘ती दोघं’ म्हणते. ‘नवराबायको आली’ हे जुन्या वळणाचे नपुंसकलिंगी अनेकवचन आहे. तिथे पुरुषाचे लिंग वरचढ होत नाही आणि स्त्रीचेही होत नाही.

मानाचे ‘ते’ आणि ‘त्या’

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळू.

मराठीत आदर दाखवावयाचा तर पुरुषासाठी ‘ते’ आणि स्त्रीसाठी ‘त्या’. कन्नडमध्ये दोघांसाठी ‘अवरु’. पतीचे नाव घ्यावयाचे नाही म्हणून आपल्या आया ‘आमचे हे’ म्हणत, आणि शेजारची कन्नड बाई ‘इवरु’ म्हणे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, ‘हे जवळचे’. परंतु या मानाच्या शब्दांची वाटणी आपण कशी करतो, हे पाहू लागले की मन अस्वस्थ होते.

‘आमचे गाव’ या विषयावर मुलांना निबंध लिहावयास सांगा. पंचायतीचे अध्यक्ष ‘ते’ असतात. डॉक्टर ‘ते’ असतात, बँकेतील साहेब ‘ते’ असतात, शिक्षिका ‘त्या’ असतात. मेंढ्या राखणारा म्हातारा ‘तो’ असतो. रस्ता झाडणारी ‘ती’ असते. दुपारचे जेवण रांधून वाढणारी बाई, जिच्या हातचे पोरे रोज खातात आणि जी त्यांच्या आजीच्या वयाची आहे, तीही ‘ती’च असते. मुलांना हे कोणी शिकविलेले नसते. घरातील बोलणे ऐकून ती शिकलेली असतात. वय, नाते, कष्ट यांपैकी काहीही त्या सर्वनामाला विचारावेसे वाटत नाही. ते फक्त हुद्दा, जात आणि पैसा विचारते.

यावर कोणी म्हणेल की आपण देवालाही ‘तो’ म्हणतो आणि आईलाही ‘ती’ म्हणतो. खरे आहे. विठ्ठल ‘तो’ आहे. आमची गुंजीची माउली ‘ती’ आहे. तिला ‘त्या’ म्हटले तर भक्तालाच परके वाटेल. एकवचन सगळे अपमानाचे नसते. पण जवळिकीचे एकवचन आणि तुच्छतेचे एकवचन यांत फरक करण्याची एक सोपी कसोटी आहे. जवळीक दोन्ही बाजूंनी चालते. मूल आईला ‘तू’ म्हणते, आई मुलाला ‘तू’ म्हणते. मित्र मित्राविषयी ‘तो’ म्हणतो आणि तोही तसेच म्हणतो. पण घरच्या गड्याविषयी दहा वर्षांचे पोर ‘तो’ म्हणते, आणि तो साठीचा गडी त्या पोराच्या बापाविषयी ‘ते’ म्हणतो. ज्या ‘तो’ची परतफेड होऊ शकत नाही, तो ‘तो’ जवळिकीचा नव्हे. ही कसोटी मुलांपुढे ठेवली की सातवी-आठवीची मुलेसुद्धा चटकन उदाहरणे देऊ लागतात, आणि कधी कधी अशी देतात की ऐकणाऱ्या मोठ्या माणसाने मान खाली घालावी.

वर्गात आम्ही एक साधी रीत ठेवली आहे. वयाने मोठ्या असलेल्या कोणाही माणसाविषयी बोलताना मराठीत ‘ते’ किंवा ‘त्या’ आणि कन्नडमध्ये ‘अवरु’. स्वयंपाक करणाऱ्या बाईही ‘त्या’. सुरुवातीला मुले अडखळतात, हसतात. पंधरवड्यात जिभेला वळण पडते. सर्वनाम बदलल्याने कोणाची मजुरी वाढत नाही, हे आम्ही जाणतो. तरी ज्यांच्याविषयी रोज ‘त्या’ म्हणावयाचे, त्यांना हाक मारताना ‘ए’ म्हणणे पोरांना मग जड जाऊ लागते, हे आम्ही पाहिले आहे.

घरी काय करता येईल

महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांनी मुलांच्या मराठीची काळजी करताना बहुधा मोठ्या गोष्टींचा विचार केलेला असतो : पुस्तके मागवावीत, स्तोत्रे पाठ करून घ्यावीत, सुट्टीत पुण्या-मुंबईस पाठवावे. हे सर्व करावेच. पण त्याहून सोपे, बिनखर्चाचे असे काही करता येण्यासारखे आहे.

पहिले असे की जेवताना, फिरताना मुलांशी बोलताना वस्तूंचा उल्लेख नुसत्या नावाने न करता सर्वनामानेही करावा. ‘ताट कुठे आहे? ते इकडे आण. वाटी? ती राहू दे. पेला? तो धुवून ठेव.’ तीन लिंगे तीन वाक्यांत कानांवर पडतात. नियम पाठ करून जे वर्षात साधत नाही ते कानाने महिन्यात साधते. तंजावरच्या मराठी घरांनी साडेतीनशे वर्षांच्या आसपास तमिळच्या सहवासात राहून आपली मराठी टिकविली ती शाळेच्या बळावर नव्हे. घरातल्या अशा बोलण्यावरच ती टिकली.

दुसरे असे की मूल चुकले तर हसू नये. ‘गाडी आलं’ म्हणणारे मूल बिनडोक नसते. त्याच्या डोक्यात एकाच वेळी दोन व्याकरणे चाललेली असतात. ‘कन्नडमध्ये गाडी अदु, आपल्याकडे ती’ एवढे सांगितले तरी पुरते. मुलांना अशी तुलना फार आवडते. तेलुगू शेजार असलेल्या मुलांना सांगावे की तेलुगूत ‘अदि’ हा शब्द वस्तूलाही चालतो आणि एकेरीत स्त्रीलाही. मान द्यावयाचा तर तिथे ‘आमे’, ‘आविड’ असे वेगळे शब्द घ्यावे लागतात. मग मुले आपण होऊन विचारतात की असे का. तो प्रश्न त्यांना पडला म्हणजे भाषेचा अभ्यास सुरू झाला.

तिसरे आणि शेवटचे मानाच्या शब्दांविषयी. घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाई, दूध घालणारे गृहस्थ, इमारतीचे राखणदार यांच्याविषयी ते निघून गेल्यानंतर घरात कोणते सर्वनाम वापरले जाते, याकडे वडील माणसांनी आठवडाभर लक्ष द्यावे. तृतीयपुरुष म्हणजे जो तेथे हजर नाही तो; आपण त्याला काय म्हणालो हे त्याला कधीच कळणार नसते. मुले मात्र तेथे हजर असतात आणि ऐकत असतात. संस्कृत आणि कन्नड व्याकरणांनी त्या गैरहजर माणसाला प्रथमपुरुष म्हटले आहे. ते नाव मराठी व्याकरणात परत आणावे असा आमचा आग्रह नाही. पण ‘ते’ आणि ‘त्या’ या दोन शब्दांत अजून पुष्कळ माणसांना जागा करून देता येईल, आणि ते काम आपल्या स्वयंपाकघरातून आजच सुरू करता येण्यासारखे आहे.